धरायचं कुणाला, फिरवायचं कुणाला

सायकल दुरुस्तीतली निम्मी अडचण एकच असते. एका भागाला जागचं हलू द्यायचं नाही आणि त्याला चिकटून बसलेल्या दुसऱ्याला फिरवायचं. दोन्ही गोल, दोन्ही तेलकट, दोन्ही एकाच एक्सलवर. नुसत्या हातांनी करायला गेलं तर दोघं मिळून गरगर फिरतात आणि आपण बघत बसतो. हत्यार लागतं ते इथे.

ही खास हत्यारं विकत घ्यायला गेलं की कळतं, वस्तू वर्षा-दोन वर्षांतून एकदा लागणारी आणि भाव मात्र रोज वापरणाऱ्यालाच परवडेल असा. दिवसभर सायकलीच उघडणाऱ्या माणसाने ती घ्यावीतच. त्याचा वेळ वाचतो, हात वाचतात. पण ज्याच्या घरात एखाद-दुसरी सायकल आहे, त्याने पोलादी पट्टीला जोडलेल्या चेनच्या तुकड्यासाठी एवढे पैसे का मोजावेत, हा प्रश्न मला पडला आणि मी घरीच हत्यारं करायला लागलो. सुरुवात निव्वळ काटकसरीतून झाली. गोडी नंतर लागली. तयार हत्यार हातात येतं तेव्हा जोर कुठून लावायचा, तो कुठून कुठे जाणार आणि कुठल्या भागावर अजिबात येता कामा नये, हे सगळं कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. घरी करायला बसलं की ते आपलं आपल्याला ठरवावं लागतं, आणि ते ठरवता ठरवता दुरुस्तीही समजते.

बहुतेकांचं पहिलं हत्यार असतं तेच माझं होतं, चेन व्हिप. मागच्या चाकावर दातेरी चकत्यांचा जो गठ्ठा असतो, म्हणजे कॅसेट, तो बाहेरच्या बाजूने एका लॉकरिंगने आवळलेला असतो. ही रिंग नेहमीच्या दिशेनेच उघडते, घड्याळाच्या उलट. पंचाईत अशी, की त्याच दिशेला कॅसेटही मोकळी फिरते. पायडल थांबवल्यावरही सायकल पुढे जात राहते ती ज्या सोयीमुळे, तीच इथे आडवी येते. आतली कुत्री, म्हणजे स्प्रिंगवरचे छोटे अडसर, एका दिशेला दात धरतात, दुसऱ्या दिशेला टकटक करत नुसती घसरतात. त्यामुळे लॉकरिंगला पाना लावून ओढावं तर अख्खी कॅसेट टकटकत मागे येते. तिला कुणीतरी धरायला हवं, आणि तिला धरायला सगळ्यांत योग्य वस्तू म्हणजे एरवी जी तिला ओढत असते तीच, चेन.

म्हणून झिजलेली चेन मी फेकत नाही. साधारण तीस सेंटिमीटर लांबीची पोलादी पट्टी घ्यायची. जाडी तीन मिलिमीटर. जाड पट्टी मजबूत पडेल म्हणून पाच-सहा मिलिमीटरची घेण्याचा मोह होतो, पण ती चेनच्या बाहेरच्या दोन पात्यांमध्ये शिरतच नाही. टोकापाशी चार मिलिमीटरच्या ड्रिलने एक भोक पाडायचं, चेनचं शेवटचं कडं पट्टीच्या दोन्ही अंगांनी आणायचं आणि चेन तोडायच्या हत्याराने तीच जुनी पिन पट्टीतून आरपार परत बसवायची. एवढी चेन ठेवायची की मोठ्या चकतीभोवती अर्धा-पाऊण फेरा बसेल. पट्टीच्या काठाला दोन-तीन कड्यांचा आखूड तुकडा दोन्ही टोकांनी पक्का केला तर आणखी चांगलं, दात त्यात रुततात आणि पट्टी घसरत नाही. मग काठ कानशीने गोल करायचे. ही पायरी गाळू नये. लॉकरिंग सुटते ती एकदम, कडकन, आणि त्या क्षणी हात पुढे जातो तो थेट चकत्यांच्या दातांवर. पट्टीला मुठीच्या जागी जुनी ट्यूब गुंडाळली की हातही वाचतो आणि पकडही येते.

रोलर चेनचं आजचं रूप हान्स रेनॉल्ड याने १८८० साली मँचेस्टरमध्ये बनवलं. बुश, त्यावर फिरणारा रोलर, आत पिन. सायकलच्या चेनमध्ये दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, हे माप इतकं पक्कं रुजलेलं आहे की गिअर वाढले, चेन अरुंद झाली, तरी ते बदललं नाही. घरी हत्यारं करणाऱ्याला यापेक्षा मोठी कृपा नाही. जुन्या सायकलच्या चेनचा व्हिप नव्या सायकलच्या दातांवरही बसतो, जाडीत तेवढा फरक पडतो. अकरा-बारा चकत्यांच्या कॅसेटला मात्र अरुंद चेनचाच तुकडा लागतो.

दुसरं हत्यार आटेवाला रॉड. हार्डवेअरच्या दुकानात मीटरभर लांबीचा पूर्ण आटे पाडलेला रॉड मिळतो, त्याचा बारा मिलिमीटरचा तुकडा, दोन नट आणि मूठभर मोठे वायसर. एवढ्यात हेडसेटचे, म्हणजे हॅण्डल ज्यांवर फिरतं त्या बेअरिंगांचे, कप बसवायचा प्रेस तयार. हॅण्डलची दांडी ज्या नळीतून खाली जाते, म्हणजे हेड ट्यूब, तिच्या वर-खाली हे कप घट्ट बसवायचे असतात, इतके घट्ट की हाताने आत जात नाहीत. हातोडी आणि लाकडाचा ठोकळा घेऊन ते बसवणारे पुष्कळ आहेत, आणि बरेचदा बसतातही. पण हातोडीचा ठोका नेहमी एका बाजूला किंचित जास्त पडतो. कप तिरका शिरतो, तिरका शिरताना नळीचं आतलं अंग खरवडतो, आणि एकदा खरवडलेली नळी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. रॉड दोन्ही कपांच्या मधून आरपार जातो, नट फिरवला की दोन्हीकडून सारखा दाब येतो. बारा मिलिमीटरच्या साध्या रॉडवर आट्यांमधलं अंतर १.७५ मिलिमीटर असतं, म्हणजे नटाच्या एका पूर्ण फेऱ्यात कप पावणेदोन मिलिमीटर सरकतो. एवढ्या सावकाश चाललेलं काम बघता येतं, थांबवता येतं. कप तिरका चालला आहे असं दिसलं तर नट सैल करून सरळ करता येतो. वायसर आणि नट यांच्यामध्ये ग्रीसचा एक थेंब लावला नाही तर मात्र वायसर कपाला घेऊन फिरायला लागतो.

कप पूर्ण बसला हे कळतं कसं? पान्याला लागणारा जोर हळूहळू वाढत असतो, तो अचानक भिंतीला टेकल्यासारखा होतो. तिथे थांबायचं. खात्री करायची तर कप आणि नळी यांच्या फटीत कागद घालून बघायचा, तो कुठेही शिरता कामा नये.

हाच रॉड बंद बेअरिंग चाकाच्या मधल्या हबमध्ये दाबायलाही चालतो, फक्त तिथे एक पथ्य आहे. बेअरिंग हबमध्ये घट्ट बसतं ते त्याच्या बाहेरच्या कड्याने. दाबही बाहेरच्याच कड्यावर द्यायचा. आतल्या कड्यावर दाब दिला तर तो जोर छर्ऱ्यांमधून बाहेर जातो, त्यांच्या चाकोरीत बारीक खळगे पडतात आणि नवं कोरं बेअरिंग पहिल्याच दिवशी खरखरायला लागतं. बाहेरच्या कड्याच्याच मापाचा गोल तुकडा शोधण्यात वेळ घालवायची गरज नाही. त्याच मापाचं जुनं, खराब झालेलं बेअरिंग घ्यायचं, त्याची बाहेरची कड पॉलिशपेपरने घासून किंचित लहान करायची, आणि नव्या बेअरिंगवर ठेवून दाबायचं. घासलेलं असल्याने ते हबमध्ये अडकून बसत नाही.

कप काढायचं हत्यार तर आणखी सोपं. हेड ट्यूबमधून सैल जाईल अशी पातळ पोलादी नळी, वीतभर-दोन वीत लांब. एका टोकाला हॅक्सॉने लांबीच्या दिशेने एकमेकींना काटकोनात दोन चिरा पाडायच्या, म्हणजे त्या टोकाच्या चार पाकळ्या होतात. पाकळ्या बाहेर फाकवायच्या. हे टोक बोटांनी दाबून नळीत घातलं आणि पुढे ओढत नेलं की कपाच्या कडेमागे येताच पाकळ्या टिक आवाज करून उघडतात. मागून हातोडीचे दोन ठोके, कप बाहेर. हा टिक आवाज आला नसेल तर हातोडी उचलायची नाही.

आता ज्याच्यामुळे मी या सगळ्या प्रकाराच्या प्रेमात पडलो, त्या बोल्टाकडे येतो. अमेरिकेतले सायकलचे जाणकार शेल्डन ब्राउन (१९४४–२००८) यांनी ही युक्ती लिहून सर्वदूर पोहोचवली. जुन्या सायकलींच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये, म्हणजे पायडलच्या क्रँकचा मधला एक्सल जिथे फिरतो तिथे, दोन कप असतात. डावा कप बेअरिंग सैल-घट्ट करायला. उजवा, चेनच्या बाजूचा, एकदा आवळला की वर्षानुवर्षं तसाच. इंग्लिश मापाच्या ब्रॅकेटला या उजव्या कपाचे आटे उलटे असतात, कारण सुलटे असते तर पायडल मारता मारता तो आपोआप सैल झाला असता. तर असा हा कप, वर्षानुवर्षं पाणी आणि चिखल पिऊन गंजलेला, त्याला पाना लावायला जागा म्हणजे जेमतेम काही मिलिमीटर जाडीची दोन सपाट अंगं. पाना निसटतो, अंगं गोल होतात, बोटं सोलतात.

युक्ती अशी. साधारण सोळा मिलिमीटर जाडीचा साधा, सुलट्या आट्यांचा बोल्ट घ्यायचा. एक्सल, छर्रे आणि डावा कप काढून टाकले की उजव्या कपाच्या मधलं भोक रिकामं होतं. बोल्ट आतून, म्हणजे डावीकडून, त्या भोकातून बाहेर काढायचा. डोकं आत, त्याला एक वायसर. बाहेरून वायसर, स्प्रिंग वायसर आणि नट. आता उजवीकडे उभं राहून नट आवळायचा, घड्याळाच्या दिशेने. कप दोन वायसरांमध्ये दाबला जातो, नट घट्ट होत जातो, आणि एका टप्प्याला नटाला पुढे जायला वाव उरत नाही. तरीही ओढत राहायचं. नट थांबला, पण जोर कुठेतरी जायलाच हवा, तो कपात जातो. कपाचे आटे उलटे असल्याने तो उघडतोही घड्याळाच्याच दिशेने. म्हणजे ज्या दिशेने आपण नट आवळतो, त्याच दिशेने कप सुटतो. जितका जास्त अडकलेला कप, तितकी घट्ट पकड. पाना निसटायचा प्रश्नच नाही, कारण पाना कपाला लावलेलाच नाही, तो साध्या षटकोनी नटाला लावलेला आहे.

खरी गंमत पुढे आहे. तोच कप परत बसवायचा असेल तर काय? तो आवळला जातो घड्याळाच्या उलट, आणि तसं फिरवलं तर आपला नट सैल होईल. मग डावीकडे जायचं आणि नटाऐवजी आतलं बोल्टाचं डोकं फिरवायचं. उजवीकडून बघताना घड्याळाच्या उलट असलेली दिशा डावीकडून बघताना घड्याळाची दिशा होते. डोकं आवळलं जातं आणि कपही. एकच बोल्ट, एकाच जागी, फक्त माणसाने सायकलला वळसा घालून पलीकडे जायचं. यात नवा शोध काही नाही, बोल्ट जसा आहे तसाच आहे. पण हे कागदावर चित्र काढून पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी बराच वेळ त्या चित्राकडे बघत होतो. इटालियन मापाच्या ब्रॅकेटला दोन्हीकडे सुलटे आटे असतात, तिथे ही जोडी उलटी लावावी लागते. म्हणून बोल्ट घालण्याआधी माप बघून घ्यावं. इंग्लिश ब्रॅकेटवर बरेचदा १.३७ × २४ असं कोरलेलं सापडतं.

कोन पान्याची गोष्ट वेगळी आहे, तिथे हत्यार घडवायचं नसतं, उतरवायचं असतं. चाकाच्या हबमध्ये छर्ऱ्यांना दाबणारा कोन आणि त्याला कुलूप घालणारा लॉकनट एकमेकांना खेटून बसलेले. कोनाला धरायला सपाट जागा सुमारे दोन मिलिमीटरची, आणि साधा पाना त्याच्या दुप्पट-तिप्पट जाड. पुढच्या चाकाला बहुतेक वेळा तेरा मिलिमीटरचा, मागच्याला पंधराचा लागतो. या मापाचे जुने, स्वस्त पाने घ्यायचे आणि ग्राइंडरवर दोन्ही अंगांनी झिजवत आणायचे. घाई केली की पोलाद तापतं. कडेला आधी पिवळसर झाक येते, मग तपकिरी, मग जांभळी, मग निळी. निळं दिसलं की त्या जागचं पाणी उतरलं, पोलाद मऊ पडलं. म्हणून शेजारी पाण्याचं भांडं ठेवायचं, दोन-तीन सेकंद घासायचं आणि बुडवायचं. पाना बोटांत धरता येत नाही इतका गरम झाला तर आपण आधीच उशीर केला आहे. डोळ्यांना चष्मा हवाच, ठिणग्या कुठे उडतील ते सांगता येत नाही. असा पातळ पाना फक्त धरायला, जोर लावायला नाही. जोर लॉकनटवरच्या जाड पान्याने द्यायचा. धरायचं कुणाला आणि फिरवायचं कुणाला, हे इथे उलटं केलं की पातळ पान्याचा जबडा फाकतो.

बारीकसारीक गोष्टी तर होताहोताच होऊन जातात. तुटलेल्या स्पोकचा दहा-बारा सेंटिमीटरचा तुकडा, दोन्ही टोकं पक्कडीने आकडीसारखी वळवलेली. चेन जोडताना दोन्ही टोकांच्या थोडं मागे हा आकडा अडकवला की डिरेलरची, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाची, स्प्रिंग चेनला खेचू शकत नाही, टोकं सैल लोंबतात आणि दोन्ही हात जोडायला मोकळे राहतात. हे हत्यार करायला एक मिनिट लागतं आणि मला विचाराल तर विकतच्या पेटीत याच्याइतकं उपयोगी काही नसतं. जुन्या ट्यूबच्या आडव्या चकत्या कापल्या की रबरबँड होतात, ब्रेकची मूठ आवळून धरायला. कॉटर पिनच्या जुन्या क्रँकसाठी साधा सी-क्लॅम्प आणि पिनेपेक्षा थोड्या मोठ्या भोकाचा नट. पिन त्या नटात ढकलून बाहेर काढता येते, हातोडीचे घाव आतल्या छर्ऱ्यांना सोसावे लागत नाहीत. स्टीअररची, म्हणजे चिमट्याची हेड ट्यूबमधून वर येणारी, नळी सरळ कापायची असेल तर पाण्याच्या पाइपाला आवळतात तसल्या दोन होज क्लिपा, मधून करवतीचं पातं जाईल एवढी फट ठेवून. शेगड्याच्या, म्हणजे व्हाइसच्या, जबड्यांना ॲल्युमिनियमच्या कोनपट्ट्या, म्हणजे एक्सलचे आटे चेपत नाहीत.

पण घरच्या हत्यारांचं खरं राज्य मोजमापात आहे, असं माझं मत आहे. मोजायला जोर लागत नाही, जोर लागत नाही म्हणून पोलाद लागत नाही, आणि नेमकेपणा बहुतेक वेळा एका दोरीतून किंवा फुटपट्टीतून मिळतो.

चेन झिजली का हे बघायला स्वतंत्र हत्यार विकलं जातं. साधी पोलादी फुटपट्टी त्याहून चांगलं सांगते. चेन ताणून धरायची, शून्य एका पिनेच्या मधोमध ठेवायचं, चोविसावी पुढची पिन बरोबर बारा इंचांवर यायला हवी. ती एक-सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. एक-अष्टमांश गेली असेल तर बहुधा दातांनाही चेनची सवय लागलेली असते आणि नवी चेन त्यांच्यावर घसरते. चेन लांबते म्हणतात, पण पोलाद ताणलं जात नाही. प्रत्येक सांध्यात पिन आणि बुश झिजतात. एक-सोळांश इंच म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर, चोवीस सांध्यांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ०.०७ मिलिमीटर. एवढ्याशा झिजेने अख्खी कॅसेट खराब होते.

चाकाचा आऊट काढायला सायकल उलटी करायची आणि चिमट्याला एक प्लॅस्टिकची झिपटाय आवळून तिचं टोक रिमला जेमतेम लागेल असं कापायचं. चाक फिरलं की जिथे रिम बाहेर आली आहे तिथे टोक खरर वाजतं. डोळ्यांपेक्षा कान लवकर पकडतात. निपलवर, म्हणजे स्पोक ओढणाऱ्या रिमजवळच्या छोट्या नटावर, इंचाला छप्पन्न आटे, म्हणजे एका फेऱ्यात स्पोक ०.४५ मिलिमीटर ओढला जातो, म्हणून पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी फिरवायचं नाही. एका बाजूच्या स्पोकांचा ताण सारखा आहे का, हे बघायला त्यांना बोटाने छेडायचं. ताण चौपट झाला की स्वर बरोबर एक सप्तक चढतो, त्यामुळे ताणातला थोडा फरक स्वरात त्याहून कमी होऊन येतो. तरी शेजारचे दोन स्पोक बेसूर असले तर ज्याला गाण्यातलं काही कळत नाही त्यालाही ऐकू येतं. मागच्या चाकाच्या दोन बाजूंचा स्वर मात्र सारखा असणारच नाही, उजवीकडचे स्पोक जास्त ताणलेले असतात.

टॉर्क रेंच, म्हणजे आवळायचा जोर मोजणारा पाना, नसेल तर सामान तोलायचा हुकाचा काटा. पाच न्यूटन-मीटर लिहिलेला, हॅण्डल धरणाऱ्या स्टेमचा बोल्ट, बोल्टाच्या मध्यापासून वीस सेंटिमीटरवर हूक लागेल एवढी पान्याला जोडलेली नळी, आणि काटा काटकोनात ओढायचा. पंचवीस न्यूटन म्हणजे अडीच किलोच्या जरा वर. तिथे थांबायचं. क्रँकच्या बोल्टाला चाळीस लागत असेल आणि पाना पंचवीस सेंटिमीटरचा असेल तर सोळा किलोच्या आसपास. ओढ तिरकी झाली की आकडा खोटा पडतो.

आणि गिअर सारखे चुकत असतील, डिरेलर ज्या पत्र्याला टांगलेला असतो तो हँगर वाकल्याची शंका असेल, तर त्याची तपासणी एका जास्तीच्या मागच्या चाकाने होते. हँगरमधल्या भोकाचे आटे दहा मिलिमीटरचे, एका मिलिमीटरच्या अंतराचे. क्विक रिलीजच्या मागच्या एक्सलचेही नेमके तेच. डिरेलर काढायचा, त्या जागी दुसऱ्या चाकाचा एक्सल फिरवून बसवायचा. दोन चाकं शेजारी शेजारी उभी राहतात. वर, खाली, पुढे, मागे, चारही ठिकाणी दोन रिमांमधलं अंतर मोजायचं. सारखं असेल तर हँगर सरळ. नसेल तर चाकच धरून हलक्या हाताने वाकवायचा, जवळजवळ सत्तर सेंटिमीटर व्यासाची तरफ हातात असते. ॲल्युमिनियमचा हँगर एकदा सरळ होतो, पुन्हा पुन्हा केला तर मोडतो. फ्रेम सरळ आहे का, यासाठी मागच्या एका दांड्याच्या टोकाला दोरी बांधून ती हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या टोकाला आणायची आणि सीट ट्यूबपासून दोन्हीकडचं अंतर बघायचं. याहून स्वस्त उपकरण मला माहीत नाही.

मोजमापाच्या बाबतीत सायकलच्या भंगाराने एकदा फार मोठं काम केलं आहे. ऑर्व्हिल आणि विल्बर राइट यांचं अमेरिकेतल्या डेटन गावात १८९२ पासून सायकलचं दुकान होतं. १९०१ साली त्यांची ग्लायडरं हिशेबाप्रमाणे उचलली जाईनात, तेव्हा पंखांच्या उचलशक्तीचे जे आकडे तोवर प्रमाण मानले जात होते, त्यांच्यावरच त्यांना शंका आली. आधी त्यांनी सायकलच्या हॅण्डलपुढे एक आडवं, मोकळं फिरणारं चाक बसवून त्यावर पंखाचा नमुना आणि सपाट पत्रा लावला, आणि सायकल जोरात चालवून कोण कुणाला ओढतं ते पाहिलं. मग लाकडी खोक्याचा वातबोगदा केला. त्याच्या आतले तराजू, ज्यांवर पंखांचे छोटे नमुने टांगून आकडे घेतले, ते त्यांनी हॅक्सॉची जुनी पाती आणि सायकलच्या स्पोकची तार यांतून घडवले. त्या आकड्यांवर बेतलेलं विमान १७ डिसेंबर १९०३ ला उडालं, तेव्हा इंजिनातून पंख्यांपर्यंत ताकद नेत होती ती चेनच. मला या गोष्टीत विमानापेक्षा तो तराजू जास्त आवडतो. तो नेमका होता, कारण काय मोजायचं आहे हे करणाऱ्याला पक्कं माहीत होतं.

याचा अर्थ सगळंच घरी करावं असा नाही. धरणारं, दाबणारं आणि मोजणारं हत्यार घरी होतं. ज्याला एखाद्या नाजूक खाचेत किंवा बारीक आट्यांत अचूक बसायचं आहे, ते विकत घ्यावं, आणि त्यात चालढकल करू नये. स्पोकचा पाना हे त्याचं पहिलं उदाहरण. निपलची मापं ३.२३, ३.३०, ३.४५ मिलिमीटर अशी असतात, फरक एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. कानशीने एवढं नेमकं माप काढणारे हात माझे नाहीत, आणि सैल पाना पितळी निपल गोल करून टाकतो. तसंच क्रँक काढायच्या हत्याराचं, ते ॲल्युमिनियमच्या क्रँकमधल्या बारीक आट्यांत बसतं. ते आटे गेले की क्रँकच गेला. फ्रीव्हील आणि लॉकरिंग काढायची खाचांची सॉकेटं, ॲलन की, चेन तोडायचं हत्यार, हे सगळं चांगल्या पोलादाचं, विकतचं. हायड्रॉलिक ब्रेकची हवा काढायला इंजेक्शनच्या सिरिंज आणि पारदर्शक नळी छान चालतात, पण आतल्या तेलात घरगुती शहाणपण चालत नाही. मिनरल ऑइलच्या ब्रेकला मिनरल ऑइल, डॉट नावाच्या तेलाच्या ब्रेकला डॉट. चुकीचं तेल सील फुगवतं. आणि हत्यार घरचं असलं तरी ब्रेकमध्ये सुटा भाग घरचा नको.

एक अडचण राहतेच. ही हत्यारं हत्यारांसारखी दिसत नाहीत. चिरा पाडलेली नळी, वाकडी तार, चेनचं शेपूट असलेली गंजकी पट्टी, कडेने घासलेलं बेअरिंग. घर आवरणाऱ्या कुणाही समजूतदार माणसाला हे भंगारच वाटणार आणि तो ते भंगारातच देणार, त्याला दोष देता येत नाही. म्हणून मी प्रत्येकावर लाल टेप लावतो आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहितो, ‘हत्यार आहे, फेकू नये.’ उलट्या बाजूला बारीक अक्षरांत ते कशाचं तेही लिहितो, कारण वर्ष-दोन वर्षांनी गरज पडते तेव्हा ते मलाही ओळखू येत नाही.